लोखंडातली चीर आणि पोटातला गर्भ

सोनोग्राफीला आलेल्या गरोदर बाईला भरपूर पाणी पिऊन लघवी थांबवून धरायला सांगतात. अनेकींना हा निव्वळ छळ वाटतो. या युक्तीमागे ग्लासगो विद्यापीठातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांचा विभाग होता.

डोनाल्ड यांचा जन्म १९१० चा, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमधला. डॉक्टरकीचे शिक्षण लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात झाले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात डॉक्टर होते. जळत्या विमानातून जखमींना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा सन्मान झाला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तिथे त्यांना रडार आणि सोनारची तोंडओळख झाली.

१९५४ मध्ये ते ग्लासगोला आले. जवळच रेन्फ्रूला बॉयलर बनवणारा कारखाना होता. धातूच्या आतली चीर शोधायला तिथे अल्ट्रासाउंड वापरत. जुलै १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून तिथे पोहोचले! तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. घट्ट गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले.

पुढे टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकार हे डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. तोवर सहकाऱ्यांना हा नसता उद्योग वाटत होता. मग एक रुग्ण आली. पोटात कर्करोग पसरलाय, आता इलाज नाही, असे तिच्याबाबत ठरले होते. यंत्राने दाखवले की ती अंडाशयाची पाण्याची गाठ आहे. गाठ काढली, बाई बरी झाली. जून १९५८ मध्ये तिघांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला.

सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भ मात्र दिसेना. गर्भाशय तेव्हा ओटीपोटात खोल असते, पुढे हवेने भरलेली आतडी येतात आणि हवेतून या ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. १९६३ च्या सुमारास लक्षात आले की, भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते आणि पाण्यातून गर्भाशय स्पष्ट दिसते. सहाव्या-सातव्या आठवड्यातच गर्भाची पिशवी दिसू लागली. पहिल्या महिन्यांत रक्तस्राव झाला, तर गर्भ जिवंत आहे का, हे तोवर वाट पाहूनच कळे. त्याच विभागातल्या ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाच्या हृदयाची हालचाल टिपली आणि १९७३ मध्ये डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून गर्भाचे वय काढण्याची रीत दिली. रिपोर्टवरची प्रसूतीची तारीख आजही त्यावरूनच काढतात.

डोनाल्ड धार्मिक होते. ब्रिटनमधल्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला त्यांनी जोरदार विरोध केला. माझे मत वेगळे आहे. असुरक्षित गर्भपातानंतर आलेल्या बायका सरकारी रुग्णालयात पाहिल्यावर ते वेगळे होणारच.

हृदयाच्या झडपेच्या विकाराने त्यांना अनेक वर्षे छळले, मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी १९७६ पर्यंत ते कामावर होते. जून १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने देशात सर्वात आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो, तो त्यातूनच.