वैद्य आणि धर्मवेत्ते मोशे बेन मैमोन

बाराव्या शतकात स्पेनमधील कोर्दोबा हे नगर विद्येसाठी प्रसिद्ध होते. तेथील अरबी भाषा बोलणाऱ्या यहुदी समाजात सुमारे इ. स. ११३८ मध्ये मोशे बेन मैमोन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मैमोन हे न्यायाधीश व धर्मशास्त्राचे जाणकार होते. मोशे यांचे आरंभीचे शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले.

इ. स. ११४८ मध्ये अल्मोहाद राजवटीने कोर्दोबा जिंकले आणि यहुद्यांना स्वधर्माचे उघड पालन करणे अशक्य झाले. मैमोन कुटुंबाने घरदार सोडले. स्पेन, मोरोक्को, पॅलेस्टाईन अशी भटकंती करीत अखेर ते इजिप्तमधील फुस्तात या नगरात स्थिरावले. या काळातही मोशे यांचे लेखन चालूच होते. मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेवरील भाष्याचा काही भाग त्यांनी समुद्रप्रवासात लिहिला.

फुस्तातमध्ये त्यांच्यावर मोठा आघात झाला. त्यांचे धाकटे बंधू दावीद व्यापार करून कुटुंब चालवीत असत. भारताकडे येत असताना हिंदी महासागरात ते बुडाले. कुटुंबाची व इतरांनी विश्वासाने सोपवलेली संपत्तीही त्यांच्याबरोबर गेली. दुःखाने मोशे सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होते. भावाची विधवा पत्नी व लहान मुलगी यांचा भार आता त्यांच्यावर आला. धर्मज्ञानावर उपजीविका करणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी वैद्यकी पत्करली. पुढे सुलतान सलादीन यांच्या दरबारात राजवैद्य म्हणून त्यांनी कीर्ती मिळवली.

त्या वेळी यहुदी समाज अनेक देशांत विखुरलेला होता. ताल्मूद हा त्यांचा धर्मग्रंथ विस्तृत, वादचर्चांनी भरलेला आणि सामान्यांना दुर्बोध होता. रोजच्या आचरणाचा साधा नियम शोधायचा, तरी पंडिताकडे जावे लागे. ही अडचण ओळखून मोशे यांनी सुमारे दहा वर्षे परिश्रम केले आणि ‘मिश्ने तोरा’ हा चौदा भागांचा ग्रंथ सोप्या हिब्रू भाषेत सिद्ध केला. शनिवारचा विश्रामदिन म्हणजे शब्बाथ कसा पाळावा, वल्हांडण सणापूर्वी घरातील खमीर कसे काढून टाकावे, प्रार्थना कधी करावी, हे सर्व त्यात क्रमवार सांगितले आहे.

नियमांबरोबर त्यांमागील भावही त्यांनी उलगडला. नववर्षदिनी फुंकले जाणारे मेंढ्याचे शिंग माणसाला बेसावधपणाच्या झोपेतून जागे करते, असे त्यांनी सांगितले. सणाच्या दिवशी दारे लावून केवळ आपल्याच कुटुंबासह जेवणाऱ्याचा आनंद हा पोटाचा आनंद होय, असे त्यांचे मत होते. पुरीम सणात स्वतःच्या मेजवानीपेक्षा गरिबांच्या भेटींवर अधिक खर्च करावा, असे ते म्हणत. शब्बाथचा घरातील दिवा आणि हनुक्का सणाचा दिवा यांपैकी एकापुरतेच पैसे असतील, तर घरातील दिवा आधी लावावा. कारण घरातील शांती महत्त्वाची. दानाच्या त्यांनी आठ पायऱ्या मांडल्या. गरजूला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे ही त्यांतील सर्वोच्च पायरी होय.

ग्रंथात नियमांचे आधार दिलेले नाहीत, म्हणून काही पंडितांनी कठोर टीका केली. लोक ताल्मूदचा अभ्यास सोडून देतील, अशी भीतीही त्यांना वाटत होती. तरीही तो ग्रंथ दूरदूरच्या देशांत पोचला. ओबाद्या नावाच्या नवधर्मीयाने त्यांना विचारले, की आपले पूर्वज यहुदी नसताना प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे म्हणता येईल काय? मोशे यांनी त्याला निःशंकपणे संमती दिली. जन्मावरून श्रद्धेत उच्चनीचता ठरत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता.

उतारवयात ते रोज कैरोच्या दरबारात जात. दुपारनंतर घरी परतल्यावर अंगणात रुग्णांची गर्दी असे. थकव्यामुळे ते पडल्या पडल्याच औषधे सांगत. शब्बाथच्या दिवशी मात्र समाजातील लोक त्यांच्याकडे जमत. ते त्यांना सल्ला देत आणि त्यांच्यासह अध्ययन करीत. इ. स. १२०४ मध्ये इजिप्तमध्ये त्यांचे निधन झाले. परंपरेनुसार त्यांची समाधी तिबेरिया येथे असून तेथे आजही भाविक जातात. ‘मिश्ने तोरा’चे अध्ययनही आज जगभरातील यहुदी समाजात चालू आहे.