काचपेटीतील समुद्र

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भिलाईच्या वैशाली नगरातही आज खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत सागरी जीव ठेवणे शक्य आहे. या सोयीचा पाया घालणाऱ्यांमध्ये झान विलप्रो-पॉवर यांचे नाव अग्रभागी आहे.

झान यांचा जन्म १७९४ साली फ्रान्समधील झुइयाक या गावी एका चर्मकाराच्या घरी झाला. शिक्षण बेताचेच झाले. १८१२ च्या सुमारास उपजीविकेसाठी त्या सुमारे ४०० किलोमीटर दूर असलेल्या पॅरिसला गेल्या आणि शिवणकाम करू लागल्या. १८१६ साली एका राजकन्येच्या विवाहवस्त्रावर त्यांनी केलेले भरतकाम नावाजले गेले. १८१८ साली व्यापारी जेम्स पॉवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या सिसिली बेटावरील मेसिना येथे राहू लागल्या.

तेथील समुद्राने त्यांचे आयुष्यच पालटले. कोणत्याही विद्यापीठात न जाता त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. ऑक्टोपसच्या कुळातील आर्गोनॉट या प्राण्याने त्यांचे लक्ष वेधले. याची मादी कागदासारख्या पातळ कवचात राहते. हे कवच ती स्वतः घडवते, की शंखात राहणाऱ्या खेकड्याप्रमाणे दुसऱ्याचे बळकावते, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. मृत नमुने पाहून तो मिटणे शक्य नव्हते. पण जिवंत प्राणी जवळून पाहावा कसा?

झान यांनी त्यावर उपाय शोधला. १८३२ साली त्यांनी काचेची टाकी तयार करवून तीत समुद्राचे पाणी व प्राणी ठेवले. शिवाय समुद्रात सोडण्यासाठी पिंजरेही बनवून घेतले. संशोधनासाठी काचेच्या टाकीचा असा पद्धतशीर वापर करणाऱ्या त्या पहिल्या मानल्या जातात. अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांना कवच नसते, ते पुढे तयार होते, हे त्यांनी पाहिले. त्यांनी कवचाचा तुकडा मुद्दाम मोडला, तेव्हा प्राण्याने तो भाग स्वतःच्या स्रावाने पुन्हा सांधला. आर्गोनॉट आपले कवच स्वतःच घडवतो, हे सिद्ध झाले.

काही विद्वानांनी शंका घेतल्या, तरी झान डगमगल्या नाहीत. प्रयोगच त्यांचे उत्तर होते. इंग्लंडचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांच्या कार्याचा पुरस्कार केला आणि मत्स्यालयाच्या जननी म्हणून त्यांचा गौरव केला. कतानियाच्या विज्ञान अकादमीनेही त्यांना सदस्यत्व दिले. पुढे सिसिली सोडताना त्यांचा बराचसा संग्रह व कागदपत्रे जहाज बुडाल्याने नष्ट झाली. जानेवारी १८७१ मध्ये झुइयाक येथेच त्यांचे निधन झाले. १९९७ साली शुक्र ग्रहावरील एका ठिकाणाला त्यांचे नाव देण्यात आले.

आज अनेक देशांत हौशी लोक घरच्या टाकीत महाकाय शिंपलेही वाढवतात. या शिंपल्यांच्या मांसल भागात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते, म्हणून टाकीवर प्रखर प्रकाश लागतो. कवच वाढण्यासाठी पाण्यात कॅल्शियमही पुरेसे असावे लागते. भारतात मात्र त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ते समुद्रातून काढणे गुन्हा ठरतो. जीवाला इजा न पोहोचवता त्याच्या गरजा जाणून घेणे, हाच अभ्यासाचा पहिला धडा होय. पदवी नसतानाही डोळसपणे पाहणारी व्यक्ती ज्ञानात भर घालू शकते, हे झान यांच्या जीवनावरून दिसून येते.