मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन

आमच्या वसतिगृहातील मुलांना बेंजामिन फ्रँकलिन हे नाव बहुधा पतंग आणि विजेच्या गोष्टीतून ठाऊक झालेले असते. पुढच्या इयत्तांत अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे मुत्सद्दी म्हणून ते पुन्हा भेटतात. परंतु 1788 साली मृत्युपत्र लिहावयास बसले तेव्हा या वृद्ध गृहस्थांनी राजदूतपदासारखे मोठे मान मागे ठेवले आणि आपल्या नावापुढे पहिला शब्द लिहिला तो ‘मुद्रक’ हा. त्या मुद्रकाचेच स्मरण आम्हांस येथे करावयाचे आहे.

बोस्टन शहरात मेणबत्त्या व साबण करणाऱ्या जोसाया फ्रँकलिन यांना दोन पत्नींपासून सतरा अपत्ये झाली. 17 जानेवारी 1706 रोजी जन्मलेला बेंजामिन हा त्यांतील पंधरावा आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. शाळा त्याला जेमतेम दोन वर्षे लाभली. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या दुकानात वाती कापू लागला आणि बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून बांधला गेला. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता. भाऊ मारकुटा होता आणि बेंजामिनही काही गरीब गाय नव्हता. 1723 साली, सतराव्या वर्षी, करार मोडून तो पळाला. फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरला तेव्हा खिशात एक डॉलर आणि थोडी तांब्याची नाणी होती. त्यांतून तीन मोठे पाव घेऊन एक त्याने खाल्ला आणि उरलेले दोन होडीतून सोबत आलेल्या एका बाईला व तिच्या लेकराला दिले.

पुढील कष्टांचे वर्णन करावे तेवढे थोडेच. 1728 साली भागीदारीत स्वतःचा छापखाना निघाला. भांडवल अपुरे पडले, कर्जाचा तगादा लागला, आणि भागीदार कामापेक्षा मद्यात अधिक रमणारा निघाला. अशा वेळी दोन मित्र आपण होऊन पुढे आले व त्यांनी पैसे उसने दिले. एका रात्री दिवसभर जुळवून बांधलेला फर्मा अकस्मात निखळला आणि दोन पानांचे खिळे विस्कटले. फ्रँकलिन यांनी ते सारे खिळे पुन्हा घराघरांत सोडले, दोन्ही पाने नव्याने जुळवली आणि मगच अंथरुणाला पाठ टेकली. विकत घेतलेला कागद ते स्वतः हातगाडीवर घालून भर रस्त्याने ढकलीत आणीत. हे कष्ट लोकांच्या नजरेस पडावेत असाही त्यांचा हेतू असे, आणि तो त्यांनी आत्मचरित्रात लपविलेला नाही. आम्हांस हा प्रामाणिकपणा त्या हातगाडीहून अधिक मोलाचा वाटतो.

धंदा बसला तसा हातही सैल झाला. पुस्तके विकत घेणे एकट्यादुकट्याला परवडत नाही हे जाणून 1731 साली त्यांनी मित्रांसह वर्गणीचे ग्रंथालय काढले. 1736 मध्ये आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक उभे राहिले, आणि पुढे रुग्णालय व विद्यालय यांच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. कमी सरपणात खोली अधिक उबदार ठेवणारी शेगडी त्यांनी तयार केली, पण तिचा एकाधिकार देऊ केला असता तो घेतला नाही. ज्या भावाला सोडून ते पळाले होते, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाला त्यांनी आपल्याकडे आणले. आधी काही वर्षे शाळेत घातले, मग धंदा शिकविला आणि तो हाताशी आल्यावर त्याला नव्या खिळ्यांचा संच दिला. मोडलेल्या कराराची भरपाई केल्याची भावना त्यामागे होती. मॅसॅच्युसेट्समधील एका गावाने त्यांचे नाव धारण करून चर्चसाठी घंटेची अपेक्षा केली, तेव्हा त्यांनी घंटेऐवजी पुस्तके पाठविली. वसतिगृह चालविणाऱ्यांना ही निवड चटकन पटावी.

आता दुसरी बाजू. स्मरणिकेत थोरांचे दोष लिहू नयेत असा प्रघात आहे, परंतु तो पाळला तर आमच्या मुलांना अर्धेच चरित्र दिल्यासारखे होईल. ज्या छापखान्यात फ्रँकलिन यांचे वृत्तपत्र निघे, त्याच छापखान्यात माणसे विक्रीस असल्याच्या आणि पळालेल्या गुलामांना धरून देण्याच्या जाहिराती जुळविल्या जात. स्वतः करार मोडून पळालेला मुलगा मोठेपणी पळालेल्यांच्या जाहिरातींचे पैसे घेत होता. त्यांच्या घरीही गुलाम होते. 1757 साली लंडनला जाताना त्यांनी पीटर व किंग या दोघांना सोबत नेले आणि तेथे किंग पळून गेला. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. ज्या देशातील त्या कार्याचा जोतीरावांना एवढा आदर वाटला, त्या देशाच्या एका शिल्पकाराने आयुष्याचा मोठा भाग या पापात वाटेकरी राहून काढला, हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

1763 साली फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांची शाळा त्यांनी पाहिली. मुलांची बुद्धी पाहून आपला पूर्वग्रह चुकीचा होता हे त्यांनी मान्य केले. तरीही या मान्यतेतून कृती निघावयास आणखी दोन तपे जावी लागली. 1787 साली ते गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील संस्थेचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी 1790 मध्ये, मरणाच्या दोन महिने आधी, त्यांच्या सहीने गुलामगिरीविरुद्धचा अर्ज राष्ट्राच्या काँग्रेसपुढे गेला. काँग्रेसने त्यावर काही केले नाही. मृत्युपत्रात जावयाचे कर्ज माफ करताना त्यांनी अट घातली की, जावयाने आपल्या बॉब नावाच्या गुलामाला मुक्त करावे. इतका उशीर क्षम्य होता काय, हा प्रश्न आम्ही वरच्या वर्गातील मुलांपुढे ठेवतो. उत्तरे एकसारखी येत नाहीत, यावीत अशी आमची इच्छाही नाही.

घरातही ते उणेच पडले. तरुणपणी लंडनहून त्यांनी वाग्दत्त डेबोराला एकच पत्र धाडले होते. पुढे दोघांचा संसार झाला. त्यांच्या दुकानात तिने कष्ट उपसले, कागद-शाई विकली. 1764 साली ते पुन्हा लंडनला गेले. समुद्राची धास्ती असलेली डेबोरा मागे राहिली आणि दहा वर्षे वाट पाहून डिसेंबर 1774 मध्ये त्यांच्या पश्चात वारली. मुलगा विल्यम स्वातंत्र्ययुद्धात राजाच्या पक्षाला राहिला, म्हणून त्याला त्यांनी अखेरपर्यंत मनापासून क्षमा केली नाही. भावाच्या मुलासाठी जे हृदय द्रवले, ते स्वतःच्या मुलासाठी का द्रवले नाही, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही.

17 एप्रिल 1790 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, फ्रँकलिन निवर्तले. त्यांनी मृत्युपत्राला वर्षभर आधीच एक पुरवणी जोडली होती. तरुणपणी मिळालेल्या त्या दोन मित्रांच्या उसन्या पैशांचे स्मरण ठेवून त्यांनी बोस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी 1000 पौंड ठेवले. हा पैसा पंचवीस वर्षांखालील, उमेदवारी पुरी केलेल्या, विवाहित कारागिरांना 15 ते 60 पौंडांपर्यंत कर्जाऊ द्यावयाचा होता. व्याज शेकडा 5 आणि फेड दहा वार्षिक हप्त्यांत. असे दोनशे वर्षे चालावयाचे होते. कारखाने आले, उमेदवारीची पद्धत मोडली आणि कर्ज मागणारे कारागीर कमी झाले, तरी मूळ रक्कम वाढत राहिली. बोस्टनमध्ये तिच्यातून तंत्रशिक्षणाची शाळा उभी राहिली. मुदत संपली तेव्हा बोस्टनच्या निधीत सुमारे 50 लाख आणि फिलाडेल्फियाच्या निधीत 20 लाखांहून अधिक डॉलर होते.

थडग्याविषयीही त्यांनी लिहून ठेवले होते. सहा फूट लांब व चार फूट रुंद साधा संगमरवर, आणि त्यावर पदव्यांपैकी एकही नाही. फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चच्या स्मशानभूमीत तो आजही आहे. त्यावर बेंजामिन व डेबोरा फ्रँकलिन एवढी दोन नावे आणि 1790 हे साल कोरलेले आहे.