निरोपाचे संगीत

ऑस्ट्रिया देशातील रोहराऊ या लहानशा खेड्यात १७३२ साली जोसेफ हायडनचा जन्म झाला. त्याचे वडील गाड्यांची चाके बनवीत असत. घरची स्थिती बेताचीच. परंतु दिवसाचे काम आटोपले की वडील हार्प वाजवीत आणि सारे घर गाऊ लागे. जोसेफचा गोड गळा पाहून एका नातलगाने त्याला सहाव्या वर्षीच शिक्षणासाठी आपल्या गावी नेले. पुढे व्हिएन्ना शहरातील सेंट स्टीफनच्या भव्य प्रार्थनामंदिरात गाणाऱ्या मुलांत त्याची निवड झाली.

पण वयाबरोबर आवाज फुटला आणि त्याला तेथून बाहेर पडावे लागले. जवळ पैसा नाही, राहण्यास जागा नाही! तरी तो खचला नाही. त्याने शिकवण्या केल्या, रस्त्यांवर वाद्ये वाजविली. पोर्पोरा या इटालियन संगीताचार्याच्या साथीला तो बसे, त्यांच्या घरची हलकीसलकी कामेही करी आणि त्याबदली संगीतरचनेचे धडे घेई.

१७६१ साली एस्टरहाझी या धनाढ्य सरदारघराण्याने त्याला नोकरीस ठेवले. पुढे तेथील वाद्यवृंदाचा तो प्रमुख झाला.

१७७२ साली राजपुत्र निकोलसचा मुक्काम हंगेरीतील आपल्या आडबाजूच्या राजवाड्यात फार लांबला. बहुतेक वादकांना बायकामुले तेथे आणण्याची परवानगी नव्हती. घरच्या ओढीने व्याकूळ झालेले वादक हायडनकडे आले. धन्यापुढे उघड तक्रार करणे कठीण. आणि सहकाऱ्यांचे दुःख तर पाहवत नव्हते. तेव्हा हायडनने एक नवी सिंफनी रचली. तिच्या अखेरीस एकेक वादक आपले वादन संपवी, समोरची मेणबत्ती विझवी आणि मुकाट्याने निघून जाई. शेवटी दोनच व्हायोलिने मंद सुरांत वाजत राहिली. राजपुत्राने मर्म ओळखले. दुसऱ्याच दिवशी परतीची आज्ञा सुटली, असे सांगतात.

१७९० साली निकोलस मरण पावला. त्यानंतर हायडन दोनदा लंडनला गेला व तेथे त्याचा मोठा गौरव झाला. मोत्सार्ट त्याचा जिवलग मित्र होता, तर बेथोव्हेन त्याचा शिष्य. शंभराहून अधिक सिंफनी रचून ३१ मे १८०९ रोजी हायडन व्हिएन्नात मरण पावला.

हाताखालचे वादक त्याला प्रेमाने ‘पापा’ म्हणत. त्यांच्या सुखदुःखाची काळजी वाहणाऱ्या हायडनला ते नाव शोभूनच दिसे.