हरिभाऊंना कथा कोठे सापडली?

मराठी कादंबरी बाल्यावस्थेत होती, त्या काळी लेखकाला कथानकासाठी फार शोध करावा लागत नसे. राजपुत्र, राजकन्या, घोर अरण्य, एखादा कपटी प्रधान आणि अखेरीस सर्वांचे मीलन, एवढी सामग्री जमली की कादंबरी सिद्ध होई. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाकडे लक्ष वेधले होते खरे. परंतु त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही. ती वाट रुळविली हरि नारायण आपटे यांनी. त्यांनाही ती एकाएकी सापडली नाही.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. बालपण मुंबईत काढून ते पुण्यास काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या घरी आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक आणि आगरकर असे गुरू त्यांना लाभले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ नाटकाचे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले, तेव्हा त्यावर या शिष्याने विद्यार्थिदशेतच सविस्तर आणि निर्भीड टीका लिहिली. वाचनाचा नाद दांडगा. स्कॉट आणि डिकन्स यांच्या कादंबऱ्यांत ते रमून जात. महाविद्यालयाची पदवी मात्र त्यांना मिळाली नाही.

१८८५ साली त्यांची ‘मधली स्थिति’ ही पहिली कादंबरी आली. पुण्याच्या सुशिक्षित समाजात शिरलेले मद्यपान व स्वैराचार हा तिचा विषय; पण तिच्या रचनेला रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या पुस्तकाचा आधार होता. माणसे पुण्याची आणि सांगाडा लंडनचा, अशी ती जोडणी होती. तरुण लेखकाने वाचलेल्या पुस्तकाचे बोट धरून चालावे, यात नवल नाही. हरिभाऊंनी ते बोट लवकरच सोडले.

१८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. नाव करमणुकीचे, पण हेतू वाचकाला रंजवीत विचार करावयास लावण्याचा. दर आठवड्यास अंक निघे आणि मजकुराचा मोठा भार हरिभाऊंवरच असे. याच पत्रातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होऊ लागली. या वेळी कथा ना लंडनहून आली, ना राजवाड्यातून. ती त्यांना माजघरात सापडली.

माजघर प्रत्येक घरी होतेच. त्याकडे कथा म्हणून कोणी पाहिले नव्हते एवढेच. तेथे आठ-नऊ वर्षांच्या मुली सून होऊन येत. पती निवर्तला तर ब्राह्मण कुटुंबांत कोवळ्या वयाच्या विधवेचेही केशवपन होई. आगरकर ‘सुधारक’ पत्रातून या रूढीवर कठोर प्रहार करीत होते. वादविवाद पुरुषांत चाले. जिच्यासाठी तो चाले, तिचा शब्द क्वचितच कोणाच्या कानी पडे. हरिभाऊंनी तो शब्द ऐकविला. कादंबरी यमू नावाची मुलगी स्वतः सांगते. लहानपणचे खेळ, दादाशी होणारी भांडणे, आजीची माया, सासरची बोलणी, हे सारे ती घरगुती भाषेत सांगते. मुंबईत पतीच्या सहवासात तिला थोडे मोकळे, सुखाचे दिवस लाभतात. तोच पती मरण पावतो आणि सासरचे शंकरमामंजी बळजबरीने तिचे केशवपन करवितात. तेथे लेखक व्याख्यान देत नाही. इतके दिवस जिचे बोलणे ऐकले, तिच्यावरच हा प्रसंग ओढवतो, आणि वाचकाला तो आपल्या घरातला वाटतो.

सव्वीस वर्षांच्या पुरुषाला स्त्रीचे मन असे कसे कळले? गोविंद वासुदेव कानिटकर आणि त्यांच्या पत्नी काशीबाई यांच्याशी हरिभाऊंचा निकट स्नेह होता. काशीबाई स्वतः लेखिका होत्या. परस्त्रीशी पुरुषाने वाङ्मयाची चर्चा करणे ज्या काळी विपरीत मानले जाई, त्या काळी हा संवाद पत्रांतूनही चाले. त्यापलीकडे कारण एकच दिसते: घरोघरी नित्य कानी पडणारे बोलणे इतरांनी ऐकून सोडून दिले, हरिभाऊंनी ते मनात साठविले.

पुढे ‘मी’ या कादंबरीत त्यांनी लोकसेवेला वाहून घेतलेला तरुण रंगविला. ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ यांसाठी ते शिवकालाकडे वळले. या कादंबऱ्या आजही आवडीने वाचल्या जातात. परंतु यमूचा जिवंतपणा त्यांतील थोड्याच पात्रांना लाभला आहे. लेखन चालू असतानाच ते काकांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था पाहत. पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले, आणि १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

‘करमणूक’ १९१७ साली बंद पडले. ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊंचे निधन झाले. यमूची कहाणी मात्र पुस्तकरूपाने पुढेही पुन्हा पुन्हा छापली जात राहिली.