डो रे मी फा लिहिणारे मठवासी: आरेत्सोचे ग्विदो



व्हायोलिन किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी डो, रे, मी, फा, सोल, ला, टी ही सात नावे सारखी ऐकू येतात. जसे आपले सा रे ग म प ध नि, तसेच हे पाश्चात्त्य स्वर. यातील पहिली सहा नावे एका व्रतस्थाने ठरवली, आणि तीही संत योहान बाप्तिस्ता यांच्या स्तोत्रातून, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या व्रतस्थाचे नाव ग्विदो. त्यांचा जन्म इ. स. ९९१ च्या सुमारास झाला असे मानतात. इटलीत आड्रियाटिक समुद्राजवळ, पो नदीच्या मुखापाशी पोम्पोसा नावाचा बेनेडिक्टाईन मठ होता. तेथे ते मठवासी होते.

त्या काळच्या मठातले जीवन आधी डोळ्यांसमोर आणू या. संत बेनेडिक्ट यांच्या नियमाप्रमाणे दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा सर्वांनी प्रार्थनेला जमायचे, आणि आठवड्याभरात १५० स्तोत्रे पूर्ण करायची. शिवाय प्रत्येक सणाची गीते वेगळी. हे सारे गायचे, पण चाल लिहिण्याची पक्की सोय नव्हती. सातव्या शतकात सेव्हिलचे संत इसिदोर यांनी नोंदवून ठेवले होते की सूर लिहिता येत नाही, म्हणून तो माणसाच्या स्मरणात राहिला नाही तर नाहीसा होतो. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला हे वाक्य अस्वस्थ करते. दगड राहतो, शब्द कागदावर राहतो, पण सूर उमटताच विरून जातो.

पुढे नवव्या शतकाच्या सुमारास शब्दांच्या डोक्यावर छोट्या खुणा काढू लागले. त्यांना न्यूम म्हणतात. आवाज वर चढवायचा की खाली उतरवायचा, एवढे त्या खुणांवरून समजे. किती चढवायचा ते समजत नसे. ज्याला चाल आधीच पाठ आहे, त्याला आठवण करून देण्यापुरता त्यांचा उपयोग. नव्याने शिकणाऱ्याला गुरूच्या तोंडून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. ग्विदो यांनी लिहिले आहे की दहा दहा वर्षे घालवूनही गायकांचे शिक्षण अपुरेच राही. धर्मशास्त्र आणि पवित्र ग्रंथ यांच्या अभ्यासाला लागणारा वेळ चाली घोकण्यात जातो, ही त्यांची खंत होती.

मग त्यांनी काय केले? एकावर एक आडव्या रेषा आखल्या आणि रेषेवर तसेच दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेत खुणा मांडल्या. प्रत्येक रेषेला आणि प्रत्येक जागेला ठरलेला एक स्वर. एखाद-दुसरी रेषा आखण्याचे प्रयत्न त्यांच्या आधीही झाले होते. त्याला शिस्त लावली ग्विदो यांनी. एफ स्वराची रेषा तांबडी, सी स्वराची पिवळी. हे रंग शोभेसाठी नव्हते. या दोन्ही स्वरांच्या लगेच खाली अर्ध्या स्वराचे अंतर येते, आणि नवशिका गायक नेमका तिथेच घसरतो. हार्मोनियम वाजवणाऱ्यांना हे लगेच पटेल: ग आणि म यांच्यामध्ये काळी पट्टी नसते, नि आणि वरचा सा यांच्यामध्येही नसते. रेषेच्या सुरुवातीला स्वराचे अक्षर लिहीत. त्या अक्षरांचेच पुढे आजचे क्लेफ झाले. क्लेफ म्हणजे किल्ली.

या कामात मिकाएल नावाचे एक मठबंधू त्यांच्या सोबत होते. मठातील इतरांना मात्र हे रुचले नाही. मत्सर वाढला, वातावरण बिघडले आणि १०२५ च्या सुमारास ग्विदो यांना पोम्पोसा सोडावे लागले. आम्हाला वाटते, त्यात नुसता हेवा नसावा. ज्यांनी आयुष्यभर घोकून चाली आत्मसात केल्या, त्यांचा मान त्या पाठांतरावरच उभा होता. उद्या पोरे पुस्तक पाहून गाऊ लागली, तर वडीलधाऱ्या गायकाला कोण विचारणार? असा प्रश्न त्यांना पडला असेल, तर आम्ही त्यांना फार दोष देणार नाही.

आरेत्सो नगरीचे बिशप थेओदाल्द यांनी ग्विदो यांना आश्रय दिला आणि कॅथेड्रलमधील गायक मुलांना शिकवण्याचे काम सोपवले. याच बिशपांना त्यांनी आपला मायक्रोलोगस हा ग्रंथ अर्पण केला. मध्ययुगात संगीतावरच्या फारच थोड्या पुस्तकांच्या एवढ्या नकला झाल्या. आरेत्सोतली मुले कधीही न ऐकलेली गीते पाहून गातात, ही वार्ता रोमपर्यंत गेली. पोप योहान एकोणिसावे यांनी त्यांना बोलावण्यासाठी दूत पाठवले. हे पोप थेट प्रापंचिक जीवनातून त्या पदावर आले होते आणि इतिहासकार त्यांच्याविषयी फारसे चांगले लिहीत नाहीत. पण या प्रसंगी मात्र ते उत्सुक विद्यार्थी ठरले. १०२८ च्या सुमारास ग्विदो रोमला आले, तेव्हा पोपमहोदयांनी गीतांचे पुस्तक उलटेपालटे करून पाहिले, सुरुवातीचे नियम वाचले आणि पूर्वी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाता येईपर्यंत ते जागेवरून उठले नाहीत. ग्विदो यांना तेथेच थांबण्याचा आग्रह झाला. पण रोमचा उन्हाळा आणि दमट हवा त्यांना सोसली नाही. ते आजारी पडून परतले. पोम्पोसाच्या मठाधिपतींचीही भेट झाली. त्यांनी झाल्या गोष्टीबद्दल खेद दर्शवून परत येण्याची विनंती केली.

हा सारा वृत्तांत ग्विदो यांनी मागे राहिलेल्या मिकाएल यांना पत्रातून कळवला. त्याच पत्रात सहा नावांची युक्ती आहे. योहान बाप्तिस्ताच्या लॅटिन स्तोत्राच्या एका चालीत पहिल्या सहा चरणखंडांपैकी प्रत्येक खंड आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो. त्यांची पहिली अक्षरे घेतली: उत, रे, मी, फा, सोल, ला. ही चाल एकदा गळ्यात बसली की कोणताही स्वर कुठून उचलायचा ते कळते. मी आणि फा यांच्यामध्ये तेच अर्ध्या स्वराचे अंतर, म्हणजे आपले ग आणि म. दहा वर्षांचे शिक्षण आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत पुरे होते, असे त्यांनी मित्राला कळवले. तळहाताच्या पेरांवर स्वर मोजण्याची पद्धतही त्यांच्या नावावर सांगतात, पण त्यांच्या लेखनात ती सापडत नाही.

हीच सोल्फाची पद्धत पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली आणि तेथील पॅरिश शाळांत मेस्त मुलांना ती शिकवीत. आपल्याकडच्या गीतांच्या पुस्तकांत मात्र बहुधा शब्दच छापलेले असतात. चाल कुणा मास्तरांच्या, कुणा आजीबाईंच्या कंठात असते. तेही मजेने गातात, आपणही ऐकून शिकतो. पण त्यांच्यानंतर ती चाल कुठे शोधायची, हा इसिदोर यांचाच प्रश्न आहे.

ग्विदो पोम्पोसाला परतले की नाही आणि कुठे मरण पावले, याची नोंद नाही. १०३३ नंतर त्यांचा माग लागत नाही. पुढे सतराव्या शतकात इटलीत उत जाऊन गायला सोपा डो आला. सातव्या स्वराला त्याआधीच त्याच स्तोत्रातील संत योहान या नावाच्या लॅटिन आद्याक्षरांवरून सी हे नाव मिळाले होते, आणि इंग्रजी शाळांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे टी केले. ते स्तोत्र गळा मोकळा व्हावा म्हणून केलेली प्रार्थनाच आहे. आठव्या शतकातील पौल द डीकन यांचे ते मानले जाते. पास्काच्या रात्री गायचे असताना त्यांचा आवाज बसला होता, म्हणून मुक्या झालेल्या जखऱ्याला वाचा परत मिळाली त्याची आठवण ठेवून त्यांनी ते रचले, अशी आख्यायिका आहे. २४ जूनला, संत योहानाच्या जन्मोत्सवी, ख्रिस्तसभेच्या लॅटिन प्रार्थनाविधीत ते आजही आहे.