वालचंद हिराचंद : गाडी जोडणं वेगळं, गाडी बनवणं वेगळं

सांगलीच्या वालचंद कॉलेजचं नाव ऐकलं नाही असा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणं कठीण. अ‍ॅडमिशनच्या वेळी आपल्यापैकी निम्म्या लोकांनी ते नाव फॉर्मवर लिहिलेलं असतं. पण हे वालचंद कोण, असं विचारलं तर बहुतेक जण 'कोणीतरी मोठे उद्योगपती' यापलीकडे जात नाहीत. गंमत म्हणजे आपण रोज त्यांच्याच कामावरून जात-येत असतो. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईची टॅक्सी म्हणून दोन-तीन पिढ्यांनी वापरलेली फियाट, बंगलोरचा विमानांचा कारखाना, या सगळ्यांच्या मुळाशी हा एकच माणूस आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळचं गुजराती, दिगंबर जैन, पण सोलापुरात मुरलेलं. वडील हिराचंद नेमचंद दोशी यांचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय. मुलानं तोच चालवावा ही साहजिक अपेक्षा. वालचंद सोलापूर, मुंबई आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण शिक्षण अर्धवट टाकून घरी परतले. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडण्यात मात्र त्यांचं मन रमेना.

मग त्यांना भेटले लक्ष्मण बळवंत फाटक. फाटक रेल्वेत कारकून होते आणि नोकरी सोडून कंत्राटदारी करायची त्यांची इच्छा होती. फाटकांकडे कामाची माहिती, वालचंदांकडे भांडवल. दोघांनी मिळून बार्शी लाईट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सात मैलांच्या तुकड्याचं काम घेतलं. काम छोटंसंच होतं, पण तिथून या सावकारपुत्राची दिशा बदलली ती कायमची. पुढे बोरघाटातले बोगदे आणि तानसाहून मुंबईला पाणी आणणारी पाइपलाइन अशी मोठमोठी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

समुद्र कोणाचा?

आमच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घालायचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात थळहून सामान नेत, आणि इंग्रजांची मोठी गलबतं त्यांना अडवू शकली नाहीत. शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. हा इतिहास आम्हाला लहानपणापासून पाठ असतो. पण पुढच्या दोनशे-अडीचशे वर्षांत हाच समुद्र पूर्णपणे परक्या आगबोटींच्या ताब्यात कसा गेला, हे फारसं कोणी सांगत नाही.

१९१९ साली वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून त्यांनी 'लॉयल्टी' नावाची जुनी आगबोट विकत घेतली. महायुद्धात ती हॉस्पिटल शिप म्हणून वापरलेली होती. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. आजही ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच.

बोट निघाली खरी, पण खरा त्रास पुढेच होता. जुनी, प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेली बोट मालवाहतुकीला परवडत नव्हती. चार वर्षांतच ती मोडीत निघाली. दुसरीकडे ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाला बुडवायचा चंग बांधला. १९२३ साली तडजोड झाली, तीही अशी की सिंधियानं किनारी वाहतुकीपुरतंच राहायचं आणि बोटींची संख्याही मर्यादेत ठेवायची. दुसरा कोणी असता तर त्यानं गाशा गुंडाळला असता. वालचंद चिकटून राहिले. दुसऱ्याच्या जुन्या बोटी घेऊन आपलं जहाजवाहतुकीचं स्वप्न पुरं होणार नाही, बोट इथंच बांधली पाहिजे, हे त्यांच्या मनानं घेतलं. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला गोदीची पायाभरणी झाली आणि १९४८ साली तिथून 'जलउषा' पाण्यात उतरली.

मोटारीचं वेड

आता आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्या काळात भारतात मोटारी 'बनत' नव्हत्या का? बनत होत्या असं वाटायचं खरं. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. पेट्यांमधून सुटे भाग यायचे, इथले कामगार नट-बोल्ट आवळायचे आणि गाडी रस्त्यावर यायची. पण इंजिनाचा ब्लॉक ओतणं, क्रँकशाफ्ट घडवणं, गिअर कापणं यातलं काहीच इथं होत नव्हतं. थोडक्यात, गाडी 'जोडली' जायची, 'बनवली' जात नव्हती.

हा फरक सर विश्वेश्वरय्यांना खुपत होता. १९३० च्या दशकात त्यांनी मुंबईत मोटारींचा कारखाना काढायची योजना मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. वालचंद अमेरिकेला गेले. आधी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. मग क्रायस्लरशी करार झाला. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं आणि इथल्या ब्रिटिश सरकारनं मशिनरी आणायला साथ द्यायचं नाकारलं.

याच धावपळीत विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी ओळख झाली. मोटारीचं अडलं तर विमानाचं का नको? म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. तीच आजची एचएएल! युद्धामुळे १९४२ मध्ये सरकारनं तिचा कारभार ताब्यात घेतला. पण मोटार मात्र वालचंदांच्या डोक्यातून गेली नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डीसोटो, प्लायमथ ही त्यांची नावं.

पहिल्या दिवसापासून सगळे भाग इथेच बनले का? मुळीच नाही. सुरुवात जुळणीनंच झाली. पण इथं कारखाना काढायचा उद्देशच वेगळा होता. दरवर्षी थोडे थोडे भाग इथले घालत जायचं आणि एक दिवस पेटी उघडायची गरजच राहू नये, अशी ती वाट होती. १९५३ साली सरकारनं स्पष्ट केलं, की ज्यांच्याकडे गाडी इथं बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी जुळणी बंद करावी. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर उरली.

तेल कुठून गळतं?

सुटा भाग इथं बनवणं म्हणजे नेमकं किती अवघड? यासाठी फियाटचंच इंजिन घेऊ. १९५० च्या दशकात प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५४ पासून इथं फियाट ११०० आली. चार सिलिंडर, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे १०८९ सीसी. हाच अवतार पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाला.

जुनी फियाट ज्यांच्या घरी आहे त्यांना एक अनुभव ठरलेला : पार्किंगमध्ये जमिनीवर तेलाचा डाग. मिस्त्री म्हणतो, गॅस्केट बदला. गॅस्केट बदललं, महिन्यानं डाग पुन्हा हजर!

आता याच्या आत शिरू. टॅपेट कव्हरखाली कॉर्कचं गॅस्केट असतं. कॉर्क दाबला की खाचखळगे भरून काढतो, पण उष्णतेनं काही वर्षांत तो कडक होतो आणि त्याची उसळी जाते. तेल दिसलं की बोल्ट अजून आवळायचा हा आपला स्वभाव. मग पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी आत दबतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचललं जातं, गळती उलट वाढते. त्यात ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन गरम-थंड होताना मधल्या गॅस्केटला दोन्हीकडून घासून घ्यावं लागतं.

क्रँकशाफ्टच्या टोकाचं ऑइल सील ही अजून एक गंमत. रबरी सीलच्या ओठाची कड सतत एकाच जागी घासून शाफ्टवर बारीक खाच पाडते. नवीन सील त्याच खाचेवर बसवलं तर गळणारच. ते एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवावं लागतं किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते. आणि रबर कोणतं? नैसर्गिक रबर इंजिन ऑइलमध्ये फुगतं, मऊ पडतं. त्यासाठी नायट्राइल रबर लागतं. स्वस्तातलं डुप्लिकेट सील आणि चांगलं सील दिसायला अगदी सारखं. फरक कळतो तो गाडी दोन-तीन हजार किलोमीटर चालल्यावर.

आणि कधी कधी तर गॅस्केटचा काहीच दोष नसतो! पिस्टन रिंगा झिजल्या की ज्वलनाचा वायू खाली चेंबरमध्ये उतरतो. ब्रीदर चोंदलेला असेल तर त्याला बाहेर जायला वाट नसते. तो दाब तेलाला जिथं फट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. तुम्ही दहा गॅस्केटं बदला, आधी ब्रीदर साफ केला नाही आणि रिंगा तपासल्या नाहीत तर तेल गळणारच.

एवढं विस्तारानं सांगायचं कारण, एका साध्या सीलमागे रबराचं रसायन, शाफ्टची फिनिश, मायक्रोमीटरची शिस्त आणि उष्णतेचा अभ्यास उभा असतो. परदेशातून पेटी येते तेव्हा हे सगळं ज्ञान परदेशातच राहतं. सील इथं बनवायचं ठरवलं की ते ज्ञान इथं मिळवावंच लागतं. वालचंदांच्या हट्टाचा अर्थ इथं कळतो. कुर्ल्याच्या कारखान्याला लागणारे असंख्य छोटे भाग पुरवण्यासाठी फौंड्र्या, लेथवाले, रबरवाले, स्प्रिंगवाले लागले. ऑपेरा हाउसची आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडची सुट्या भागांची दुकानं अशा गाड्यांच्या जिवावरच वाढली. 'लोकल पार्ट' म्हणून आपण नाक मुरडतो, पण आधी पार्ट लोकल झाला म्हणून तर चांगला आणि वाईट असा फरक करायची वेळ आली!

दुसरी बाजू

वालचंदांना हे सगळं बघायला मिळालं नाही. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत त्यांच्या सेवेत होत्या. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. इथं बनलेली फियाट ११०० रस्त्यावर यायला तेव्हा अजून अवकाश होता.

त्यांच्या मागे जे झालं ते सगळंच कौतुकाचं नाही, हेही लिहायला हवं. परदेशी स्पर्धा बंद झाली, लायसन्सचा काळ आला आणि गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायची वेळ ग्राहकावर आली. १९५० च्या दशकातलं इंजिन किरकोळ फेरफार करून शतकाच्या अखेरपर्यंत विकलं गेलं. १९८३ नंतर मारुती आली तेव्हा लोकांनी फियाटकडे पाठ फिरवली आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही निवृत्त झाली.

मग वालचंद चुकले का? मला तसं वाटत नाही. बनवायला शिकणं ही पहिली पायरी होती, ती त्यांनी चढून दाखवली. बनवलेली वस्तू दरवर्षी सुधारत नेणं ही दुसरी पायरी, तिथं नंतरचे लोक थांबले. दार बंद करून पार्ट इथला झाला, पण बंद दारामागे तो उत्तम व्हायची घाई कोणालाच राहिली नाही. तेलगळतीसारखंच आहे हे. बाहेरून बोल्ट आवळून भागत नाही, आतला दाब कुठं अडकलाय ते शोधावं लागतं.

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचं उदाहरण याच्या उलट आहे. माळरानावर साखर कारखाना निघाला, तिथल्या कंपनीनं साखर कारखान्यांची यंत्रं बनवली आणि पुढे ती इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवू लागली. तिथं शिकणं थांबलं नाही.

आज आमच्या थळच्या बंदरावर मच्छीमारांच्या बोटींची डिझेल इंजिनं उघडून बसलेले मिस्त्री दिसतात. खाऱ्या हवेनं पितळ हिरवं पडतं, बोल्ट गंजतात, आणि नाखवा विचारतो, कंपनीचा पार्ट घालू की लोकल? मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर देता येणं हीच आपली डिग्री. नुसतं 'कंपनीचा घाला' म्हणणं सोपं आहे. लोकल पार्ट हातात घेऊन, मोजून, त्यात काय कमी आहे हे सांगणं आणि ते सुधारून दाखवणं अवघड आहे. वालचंदांच्या नावाच्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली नाही तरी चालेल, त्यांच्या या अवघड कामाला अ‍ॅडमिशन सगळ्यांना खुली आहे!